वन्सं, मी आणि बटानेसचा वारा

फेब्रुवारीत नवी हळद मार्केट यार्डात यायला लागली की आमच्या घरातल्या पुरुषांना घर असल्याची आठवण राहत नाही. मनिलात नोकरी करणारा भाचा दोन वर्षं ‘मामी, या’ म्हणून मागं लागलेला. ह्यांनी सौद्यांकडं बोट दाखवलं, वन्संच्या यजमानांनी गुडघ्याकडं. मग मी आणि वन्संच निघालो. मी सांगलीची, वन्संचं सासर पाटण तालुक्यात, पवनचक्क्यांच्या वनकुसवडे पठाराच्या अंगाला. भाच्यानं विचारलं, समुद्रकिनारा बघायचाय का डोंगर? वन्सं म्हणाल्या, “गर्दी नसंल तिकडं ने.” त्यानं आम्हाला बटानेसला पाठवलं.

बटानेस म्हणजे फिलिपिन्सच्या नकाशातला सगळ्यात वरचा ठिपका. मनिलापेक्षा तैवान जवळ. लोकसंख्येनं आणि जमिनीनं देशातला सगळ्यात लहान प्रांत, वस्ती वीस हजारांच्या आत. बेटं बरीच आहेत, पण माणसं राहतात ती तीनच बेटांवर: बटान, साबतांग आणि इतबायात. त्या लोकांना इवातान म्हणतात, भाषाही त्यांची वेगळी.

मुंबईपर्यंत रात्रीची बस, पुढं एक विमान बदलून मनिला, भाच्याकडं एक रात्र. त्यात सांगण्यासारखं काही नाही. वन्संच्या पिशवीत कंदी पेढे, माझ्या पिशवीत भडंगाची चार पाकिटं, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट आणि अर्धा किलो हळद. हळद कशाला, असं भाच्यानं विचारलं. सवय, दुसरं काय.

पहिला दिवस, सोमवार: बास्को

पंख्यांचं छोटं विमान, दीड-पावणेदोन तासांचा प्रवास. खाली नुसता समुद्र, मग एकदम ढगांची टोपी घातलेला डोंगर. तो इराया, १००९ मीटरचा ज्वालामुखी, सध्या झोपलेला. त्याच्या पायाशी बास्को गाव आणि तिथंच विमानतळ. जपान्यांनी फिलिपिन्सच्या भूमीवर पहिलं पाऊल ठेवलं ते इथंच, ८ डिसेंबर १९४१ ला, याच धावपट्टीसाठी.

वन्संनी पहिलं पाऊल ठेवलं आणि त्यांचा पदर त्यांना सोडून निघाला. विमानाच्या जिन्यावर वन्सं एका हातानं कठडा, दुसऱ्या हातानं पदर धरून उभ्या, आणि सहावारीचं शीड झालेलं. मागं खोळंबलेल्या लोकांपैकी एका म्हातारीनं खाली उतरून पदर गोळा केला, वन्संच्या कमरेला खोचला आणि काही न बोलता निघून गेली. त्या संध्याकाळपासून परत निघेपर्यंत वन्सं लेकाच्या ट्रॅकपँटवर साडी नेसत होत्या. (हे लिहू नको म्हणाल्या होत्या.)

राहायला एका बाईंच्या घरी दोन खोल्या. आपल्यापेक्षा वयानं मोठ्या बाईला तिकडं ‘आते’ म्हणायचं, म्हणजे ताई, असं भाच्यानं शिकवून ठेवलेलं. वन्संना हे भलतंच आवडलं. “मी तुझ्या पोरांची आत्या आणि ही आपल्या दोघींची आते,” म्हणून त्या हसत सुटल्या. पुढचे सगळे दिवस त्या बाई आमच्या आतेच.

दुपारी आतेनं जेवण मांडलं. फणसाच्या कुळातल्या कुठल्याशा झाडाच्या पंजाएवढ्या पानावर पिवळा भात. वास आला आणि मी वन्संकडं बघितलं. हळद! या भाताला ‘सुपास’ म्हणतात, इवातानांचा सणावारी करायचा भात. आमच्याकडं कशावरही हळद पडते, पण हळदीचाच म्हणून भात? शेजारी ‘उवुद’ नावाचे गोळे. केळीच्या झाडाचा जमिनीतला गड्डा किसायचा, त्यात डुकराचं नाहीतर माशाचं मांस घालून वळायचं. वन्सं माळकरी. मी मासे खाते, डुकराचं नाही. आतेला खुणांनी आणि मोडक्या इंग्रजीनं सांगितलं. तिनं तोंड पाडलं नाही, आत जाऊन वाळवलेल्या काड्यांची एक जुडी आणून दाखवली. वन्संनी मोडून हुंगली. “अगं, ह्या अळूच्या देठ्या!” तेच निघालं. अळूचे देठ सोलून वाळवतात, पावसाळी दिवसांत लसणावर शिजवतात, त्याला ‘वुनेस’ म्हणतात. ताटात आलं ते आमच्या फदफद्याचं मावसभाऊ वाटावं असं, फक्त चिंचगुळाशिवाय.

शाकाहारी असाल तर एक सांगते. ‘मांस नको’ एवढं पुरत नाही, फोडणीत डुकराची चरबी असू शकते. भाजी, भात, लसूण, तेल, असं एकेक नाव घेऊन सांगावं. आणि मेतकूट न्यावंच.

संध्याकाळी नाइदी टेकडीवरच्या दीपगृहापर्यंत चालत गेलो. वारा मला सांगलीत माहीतच नाही, आमच्याकडं पंख्याचाच. पण वन्संचं अर्धं आयुष्य पवनचक्क्यांच्या घूं-घूं आवाजाखाली गेलेलं. टेकडीवर त्या वाऱ्याकडं तोंड करून, डोळे बारीक करून बराच वेळ उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, “ह्यो वारा पठारावर आला तर चक्क्यांची पाती कोयनेत सापडतील.” मी म्हटलं, आते सांगत होती की हे काहीच नाही, हा नुसता हिवाळी ईशान्य वारा. वादळं जूननंतर येतात.

दुसरा दिवस, मंगळवार: बटान बेटाला वळसा

दिवसभरासाठी ट्रायसिकल ठरवली, म्हणजे मोटरसायकलला जोडलेली डबी. काहींना तर वर गवताचं छप्पर असतं. रस्ता डोंगराच्या कडेनं, एका हाताला थेट समुद्र. आंधळ्या वळणावर दरडीवर मोठ्या अक्षरांत रंगवलेलं: ‘ब्लो युवर हॉर्न’. आमचा ट्रायसिकलवाला पोरगा प्रत्येक वळणावर इमानदारीनं वाजवायचा.

वालुगानचा किनारा आधी गाठला. वाळू नाही, नुसते धोंडे. इरायातून आलेले, लाटांनी घासून घासून नारळापासून घमेल्याएवढे गोल झालेले. लाट येते तेव्हाचा आवाज कुठल्याही समुद्राचा. पण ती परत जाताना सगळे धोंडे एकमेकांवर घरंगळत खाली ओढले जातात, तो आवाज मी ओळखला. वाळलेली हळकुंडं पॉलिशच्या ढोलात घालून फिरवतात तेव्हा अगदी हाच खडखडाट होतो, फक्त इथला ढोल क्षितिजाएवढा. दगड उचलून आणायला मनाई आहे, आणूही नयेत.

दुपारी राकुह आ पायामान. पर्यटक त्याला सिगारेटच्या जाहिरातीवरून मार्लबोरो कंट्री म्हणतात, पण ते आहे गावाचं गायरान. हिरव्या टेकड्या समुद्रात उतरलेल्या, त्यावर मोकळी गुरं. झाड जवळपास नाहीच. गुरंसुद्धा वाऱ्याकडं पाठ करून चरतात. खालच्या शेतांना मात्र चारी बाजूंनी दाट झुडपांची, बोरूसारख्या उंच गवताची कुंपणं, वरून बघितलं तर हिरव्या चौकटींची गोधडी. मला वाटलं हद्दीची भांडणं असतील. पोरगा म्हणाला, वाऱ्यासाठी. आत काय पिकतं? रताळं, सुरणासारखे कंद, अळू, लसूण. जे काय पोटाला लागतं ते बहुतेक जमिनीच्या खाली. वर काही ठेवलं तर वारा नेतो.

हळदीच्या घरात पस्तीस वर्षं काढलेल्या बाईला हे समजावून सांगायची गरज नाही. सांगलीजवळ हरिपूरला आमची हळद पेवात राहायची. जमिनीत खोल खड्डा, तोंडाला माती, वर्षानुवर्षं कीड लागत नसे. २००५ च्या पुरात बहुतेक पेवं गेली. आमचा शत्रू पाणी, म्हणून खाली ठेवलेलं गेलं. इथल्या लोकांचा शत्रू वारा.

इवाना गावात बंदराजवळ दोन गोष्टी. एक दाकाय घर, १८८७ सालचं दगडी घर, अजून उभं. दुसरं म्हणजे बिनदुकानदाराचं दुकान. १९९५ पासून चालू आहे, एका निवृत्त शिक्षिकेनं काढलेलं. आत बिस्किटं, कॉफी, टोप्या. किमती लिहिलेल्या, एक वही आणि पैसे टाकायची पेटी. आपण घ्यायचं, वहीत लिहायचं, पैसे टाकायचे. आमची पंचाईत अशी झाली की दोन कॉफीचे पैसे साठ आणि जवळ शंभराची नोट. पेटीतून चाळीस काढून घ्यायचे? वन्सं म्हणाल्या, पेटीत हात घातलेला कुणी बघितला तर पाटणपर्यंत नाव जाईल. शेवटी चाळीसची बिस्किटं घेतली. मी ती वही मागपर्यंत चाळली. आडत दुकानात आयुष्य गेलं, उधारी नसलेली वही पहिल्यांदा बघितली.

सुट्टे पेसो भरपूर न्या, एक पेसो साधारण दीड रुपया. एटीएम बास्कोतच, तेही मोजके. मनिलातूनच रोकड घेऊन निघावं.

तिसरा दिवस, बुधवार: साबतांग

पहाटे इवाना बंदर. साबतांगला जाणारी होडी ‘फालुवा’. फिलिपिन्समध्ये इतरत्र होड्यांना दोन बाजूंना बांबूचे हात असतात. इथल्या लाटा ते मोडून टाकतील म्हणून फालुवाला हात नाहीत, गोल पोटाची नुसती होडी. त्यामुळं ती लाटेशी भांडत नाही. लाट जाईल तिकडं जाते, आणि आपलं पोट तिच्याबरोबर. तटरक्षकांनी हो म्हटलं तरच सुटते. अर्ध्या-पाऊण तासाचा रस्ता. वन्सं डोळे मिटून ‘जय जय राम कृष्ण हरी’, मी डोळे उघडे ठेवून पिशवीत तोंड. शेजारच्या माणसाच्या मांडीवर एक कोंबडा होता, तो आमच्यापेक्षा शांत.

साबतांगवर सावीदुग आणि चावायान ही जुनी दगडी गावं. हात पसरला तरी न मावणाऱ्या जाडीच्या चुनखडीच्या भिंती, चुना प्रवाळ भाजून केलेला. वर गवताचं छप्पर, वीतभर नाही, चांगलं हात-दोन हात जाड. ज्या बाजूनं वादळ येतं त्या भिंतीला खिडकीच नाही. दारं एवढी ठेंगणी की मला वाकावं लागलं. आणि मी पाच फूट आहे.

एका घराचं छप्पर शाकारायचं काम चाललेलं. पंधरा-वीस माणसं वर, बायका खाली गवताच्या पेंढ्या देतायत, एकीकडं मोठ्या भांड्यात शिजतंय. मजुरी किती, असं मी बरोबरच्या पोराला विचारलं. मजुरी नाही, म्हणाला. आज ह्याचं, उद्या दुसऱ्याचं, घरमालकानं जेवण द्यायचं. ‘यारू’ म्हणतात त्याला. वन्संनी मान डोलावली. “म्हंजे इर्जिक.” लहानपणी त्यांच्या माहेरी, म्हणजे माझ्याच सासरी, नांगरटीला इर्जिक व्हायची. मी लग्न होऊन आले तोवर ट्रॅक्टर आला होता.

सावीदुगजवळ इजांग दिसतो, पायऱ्या-पायऱ्यांसारखा कातळ, जुन्या काळी लढाई झाली की लोक वर चढून बसायचे. वन्संना पाटणचा दातेगड किल्ला आठवला. मला तो चढायला लागला नाही याचा आनंद झाला.

चावायानमध्ये गवताचं छप्पर असलेलं छोटं चर्च आहे, आणि त्याच्या पलीकडच्या गल्लीत एक बाई ओट्यावर बसून काहीतरी विणत होती. पुढ्यात पानांच्या बारीक चिरलेल्या झिरमिळ्या. विणून झालेलं एक बाजूला ठेवलेलं: डोक्यावर बसणारा घट्ट भाग, आणि तिथून पाठीवर कमरेपर्यंत सोडलेल्या दाट पिंगट झिरमिळ्या, एखाद्या म्हातारीनं केस मोकळे सोडावेत तशा. याला ‘वाकुल’ म्हणतात. ऊन, पाऊस, वारा तिन्हीला एकच. शेतात वाकून काम करताना पाठ कोरडी राहते, हात मोकळे.

वन्सं थबकल्या. मग सरळ ओट्यावर जाऊन बसल्या, त्या बाईच्या हातातलं पान घेतलं, उलटसुलट केलं, बोटानं शीर काढून बघितली. “शिंदी हाय ही.” खरंच होतं. वोयावोय नावाचा ताड, आपल्या शिंदीच्याच कुळातला. आणि मग मला म्हणाल्या, “वैनी, ह्ये इरलं हाय गं.”

भातलावणीच्या वेळी आपल्याकडच्या बायका पाठीवर घ्यायच्या ते इरलं. बांबूच्या कामट्या, पळसाची नाहीतर कुड्याची पानं, डोक्यावरून पाठीवर. आकार वेगळा, काम तेच. त्या बाईला मराठी येत नाही, वन्संना इवातान येत नाही. पण वन्सं उठल्या, ओट्याखाली उतरल्या, पाठीवर काल्पनिक इरलं घेतलं, कमरेत वाकल्या आणि चिखलात रोपं लावत चार पावलं मागं सरकल्या. ट्रॅकपँटवर साडी, डोळ्यांवर चष्मा. ती बाई हसून हसून लोळायची राहिली. मग तिनं आपलं वाकुल वन्संच्या डोक्यावर बसवलं आणि झिरमिळ्या हातानं सारख्या केल्या, लेकीची वेणी घालावी तशा.

विकत घ्यायचं का, मी विचारलं. एक विणायला कित्येक दिवस जातात, किंमतही तशीच. वन्सं म्हणाल्या, नको, घरी आहे. मला वाटलं चेष्टा करतात.

साबतांगला जाणार असाल तर पहाटेचीच होडी धरा आणि दुपारच्या आत परत फिरा, नंतर समुद्र चढतो. उलटीची गोळी अर्धा तास आधी घ्यायची असते. होडीत बसल्यावर घेऊन उपयोग नाही, हे मी सांगू शकते.

चौथा दिवस, गुरुवार

पाऊस. आडवा. भडंग संपवला. आतेच्या नातवानं एक पाकीट एकट्यानं खाल्लं आणि मग तासभर पाणी पीत बसला.

पाचवा दिवस, शुक्रवार: जो ठरला नव्हता

सकाळी सामान बांधून विमानतळावर गेलो. वारा, खाली उतरलेले ढग. विमान मनिलातून निघालं, इथवर आलं, आवाज ऐकू आला, आणि परत गेलं. खिडकीवरच्या मुलानं उद्या या म्हणून सांगितलं. उद्या जागा आहे का, यावर तो फक्त गोड हसला. मी तिथं थोडा आवाज चढवला, सांगलीत चालतो तो. इथं कुणीच चढवत नव्हतं. बाकीचे लोक पिशव्या उचलून घरी गेले, जणू वडाप चुकलं. आम्हीही आतेकडं परत.

म्हणून सांगते, परतीच्या वाटेवर मनिलात किमान दोन दिवस मोकळे ठेवा. पुढचं परदेशी तिकीट त्याच दिवसाचं काढलं की पस्तावाल. मार्च ते मे हा चांगला काळ म्हणतात. आम्ही हळदीच्या सोयीनं गेलो, ती सोय वाऱ्याला माहीत नव्हती.

त्या दिवशी एकादशी. वन्संनी आतेला सांगितलं, आज उपास, धान्य नाही. आते म्हणाली, माझाही. तिचे ईस्टरआधीचे चाळीस दिवस चाललेले, शुक्रवारी मांस नाही. मग दोघी मिळून स्वयंपाकघरात. आतेनं टोपलीभर रताळी उकडली, वन्संनी त्यांचा कीस परतला, वर माझ्या चटणीतले शेंगदाणे निवडून निवडून घातले, कारण लसूण चालत नव्हता. आते चाखून म्हणाली, हे तर आमचंच. मी तिला सांगलीची हळद दिली. तिनं पुडी फोडून नाक घातलं, आणि स्वतःच्या बरणीतली हळद माझ्या तळहातावर टाकली. रंगाला आमची सरस. २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालेली हळद ती, मी काय दुसरं बोलणार! पण वासाला तिची कमी नव्हती, हे ह्यांना अजून सांगितलेलं नाही.

बाहेर वारा छपरावर हात आपटत होता. मी विचारलं, मोठं वादळ येतं तेव्हा काय करता? छपरावरून दोर टाकून जमिनीशी बांधतो, म्हणाली. दारं लावतो, कंद उकडून ठेवतो, पत्ते खेळतो. वादळाची भीती नाही, भूकंपाची आहे. तिच्या बहिणीचं सासर इतबायातला. २७ जुलै २०१९ च्या पहाटे तिथं भूकंप झाला, नऊ माणसं गेली. वाऱ्याला शंभर-शंभर वर्षं न हललेल्या त्या जाड दगडी भिंती माणसांवर पडल्या. बहिणीचं कुटुंब महिनोन्‌महिने तंबूत. आता ते सिमेंटचं घर बांधतायत, आणि पर्यटक येऊन विचारतात, दगडी का नाही बांधत? मीही साबतांगला मनात तेच म्हटलं होतं.

मी तारखा जुळवल्या. त्यानंतर दहा-बारा दिवसांत सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णा सत्तावन्न फुटांच्या वर गेली होती. आम्ही माळ्यावर, खाली गल्लीत होड्या. आतेला मोबाइलमधले फोटो दाखवले. तिनं एका फोटोवर बोट ठेवलं, त्यात आमच्या जिन्यावर पाण्याची चिखलट रेघ दिसते. ही पुसली का, तिनं विचारलं. मी म्हटलं, नाही, मुद्दाम ठेवलीय. पुढच्या वेळी सामान किती वर न्यायचं ते कळतं. ती उठली आणि मला मागच्या दारी घेऊन गेली. भिंतीत चार लोखंडी कड्या, गंजलेल्या, दोर बांधायच्या. त्यातली एक हातानं हलवून दाखवली. घट्ट होती.

सहावा दिवस, शनिवार

जागा मिळाली. निघताना आतेनं ‘दिओस मामाहेस’ म्हटलं, त्यांच्याकडं आभार मानायला हेच म्हणतात, देव तुमचं भलं करो अशा अर्थाचं. वन्संनी वाकून नमस्कार केला. पदर आधीच खोचलेला होता.

भारतीय पासपोर्टवर फिलिपिन्सला चौदा दिवस आता व्हिसाशिवाय जाता येतं. परतीचं तिकीट आणि राहण्याचं बुकिंग जवळ ठेवा, निघण्याआधी त्यांचा ऑनलाइन प्रवासाचा अर्ज भरा. थंडीत गेलात तर वारा आत न शिरणारं जाकीट हवं, स्वेटरचा उपयोग नाही. छत्री नेऊ नका. माझी वायांगच्या टेकडीवरून तैवानला गेली.

परवा पाटणहून वन्संचा फोन. गोठ्याच्या माळ्यावर चढून सासूबाईंचं इरलं काढलं म्हणाल्या. मी म्हटलं, मग? “कामट्या हायत. पानं उंदरांनी खाल्ली. बुरुडाकडं गेलते, तो म्हणतो आता कोण बनवतंय. म्हटलं, तू कामट्या तेवढ्या नीट कर, पानं माझी मी लावते.”